डबल खाडा

'खाडा' हा शब्द आता फारसा कानावर पडत नाही. गिरणगावात वाढलेल्या आमच्या पिढीला मात्र तो गिरणीच्या भोंग्याइतकाच ओळखीचा. कामावर न गेलेला दिवस म्हणजे खाडा. सुट्टी वेगळी, रजा वेगळी आणि खाडा वेगळा. सुट्टी गिरणी देते, रजा मागून घ्यावी लागते, खाडा मात्र होतो... किंवा केला जातो. 'काल खाडा झाला' आणि 'काल खाडा केला' या दोन वाक्यांत किती अंतर आहे बघा! पहिल्यात ताप आहे, गावाहून आलेली तार आहे, आजारी पोर आहे. दुसऱ्यात फक्त माणूस आहे आणि त्याचा दोष आहे. मस्टरवर मात्र दोन्हींसाठी खूण एकच.

परवा जेवणाच्या सुट्टीत ऑफिसात विषय निघाला. सारखा गैरहजर राहतो म्हणून कुणाची तरी नोकरी गेली होती आणि तो माणूस आता ग्रॅच्युइटी, भत्ता वगैरे मागत होता. "कामावर यायचं नाही आणि वर पैसे मागायचे!" असा एकूण सूर. मी काही बोललो नाही, पण प्रश्न डोक्यात राहिला. खाड्यांमुळे ज्याची नोकरी गेली, त्याला नंतर काही मिळावं की नाही? हा प्रश्न नवा नाही. मुंबईच्या गिरण्यांनी, न्यायालयांनी आणि संसदेने तो दीडशे वर्षं चघळला आहे. त्याचं उत्तर हळूहळू कसं बदलत गेलं, ते आज लिहायचं आहे.

कावसजी दावरांनी मुंबईची पहिली कापड गिरणी १८५४ साली काढली. त्यानंतर तीसेक वर्षं गिरणी कामगाराला आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. सणावारी गिरणी बंद राहिली तर राहिली, नाहीतर यंत्रांची सफाई रविवारीच. म्हणजे त्या काळी विश्रांतीचा एकच मार्ग होता, तो म्हणजे खाडा! अंग दुखलं, दांडी मारली, त्या दिवसाचा पगार गेला. नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ साली कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचं निवेदन तयार केलं. त्यातली रविवारच्या सुट्टीची मागणी सगळ्यांना ठाऊक आहे. ती १० जून १८९० ला गिरणी मालकांनी मान्य केली. पण त्याच निवेदनात आणखी एक मागणी होती, ती फारशी कुणाला आठवत नाही. कामावर गंभीर इजा झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्यावा, आणि तो कायमचा अपंग झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय करावी. म्हणजे गैरहजर माणसाचाही गिरणीवर काही हक्क असतो, ही गोष्ट लोखंड्यांनी १८८४ सालीच मांडून ठेवली होती.

मालकांचा हिशेब अगदी उलटा होता. त्या काळात गिरण्यांत एक प्रकार चाले, त्याला म्हणत 'डबल खाडा'. एक दिवस गैरहजर राहिलात तर पगार कापायचा दोन दिवसांचा. एक दिवस कामाचा आणि एक दिवस शिक्षेचा. शिवाय पगार महिना उलटून बऱ्याच दिवसांनी व्हायचा, त्यामुळे कामगाराचे काही आठवड्यांचे पैसे कायम गिरणीकडे अडकलेले. न सांगता गेलास तर तेही बुडाले! १९३६ च्या वेतन कायद्याने हे बेकायदा ठरवलं. जितके दिवस गैरहजर तितक्याच दिवसांचा पगार कापता येईल, असा नियम आला. (त्यातही एक पाचर होतीच. दहा किंवा जास्त कामगार मिळून नोटीस न देता गैरहजर राहिले, तर आठ दिवसांपर्यंतचा पगार कापायची मुभा मालकाला होती. संपाची भीती, दुसरं काय!) तर कागदावर डबल खाडा १९३६ साली संपला. खरंच संपला का, ते पुढे बघू.

इतके खाडे व्हायचेच का? गिरणी कामगार आळशी होता म्हणून? त्याचे पाय दोन ठिकाणी होते म्हणून. रत्नागिरी, सातारा या भागांतून आलेला हा माणूस इथे गाळ्यात पंधरा-वीस जणांबरोबर राहायचा, बायको-पोरं आणि आईबाप गावाला. पावसाळ्यात लावणी, पुढे कापणी, मध्ये होळी-गणपती, शिवाय घरातली आजारपणं आणि मरणं. कोकणात जायचं तर भाऊच्या धक्क्यावरून बोट आणि पुढे पायपीट. आणि भरपगारी रजा? कारखान्यातल्या कामगाराला ती कायद्याने पहिल्यांदा १९४५ साली मिळाली, वर्षाला फक्त दहा दिवस. १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टने वीस दिवस कामामागे एक दिवस अशी रजा दिली, पण पुढे त्यालाही अट आली, वर्षात २४० दिवस भरल्याची. हा २४० चा आकडा लक्षात ठेवा मंडळी, तो पुन्हा पुन्हा येणार आहे.

खाड्याची दुसरी बाजू म्हणजे बदली. एकाचा खाडा म्हणजे दुसऱ्याची रोजी. सकाळी गिरणीच्या दारात बदलीवाले उभे राहायचे आणि जॉबर त्यांच्यातून माणसं उचलायचा. कुणाला उचलायचं हे जॉबरच्या मर्जीवर, आणि मर्जीची किंमत ठरलेली! १९३५ साली मालक संघाने या प्रकाराला शिस्त लावायची म्हणून बदली कार्डं सुरू केली. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ठराविक माणसांना कार्ड मिळायचं आणि रिकाम्या जागा त्यांच्यातूनच भरल्या जायच्या. कार्डवाल्याने मात्र रोज सकाळी हजर राहायचं, काम मिळो न मिळो. गंमत म्हणजे हा 'बदली' शब्द पुढे १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात जसाच्या तसा, इंग्रजी मजकुरात जाऊन बसला. आणि केंद्राच्या आदर्श स्थायी आदेशांत अशी तरतूद होती की रजा संपल्यावर आठ दिवसांत जो परतला नाही आणि समाधानकारक कारण देऊ शकला नाही, त्याचा जागेवरचा हक्क गेला, पण त्याला बदलीच्या यादीत ठेवायचं. म्हणजे कायम कामगार आणि बदलीवाला यांच्यात अंतर होतं ते आठ दिवसांचं!

त्याच आदेशांत गैरवर्तनाची यादी होती. चोरी, मारामारी, दारू पिऊन गोंधळ आणि त्याच रांगेत 'सवयीची गैरहजेरी' किंवा विनापरवानगी दहा दिवसांहून जास्त गैरहजेरी. चोर आणि तापाने फणफणलेला माणूस एकाच ओळीत उभे.

आमचे थोरले मामा परळच्या एका गिरणीत होते. पाच वर्षं बदली, मग नऊ वर्षं कायम. १९७८ च्या पावसाळ्यात लावणीसाठी गावाला गेले आणि तिथे काविळीने आडवे झाले. दीड महिन्याने परत आले तेव्हा गेटवर पास घेतला नाही. "तुमचं नाव नाही मस्टरवर." टाइमकीपरने सांगितलं, तुम्ही नोकरी सोडून गेलात. मामांनी गावच्या डॉक्टरचा कागद दाखवला, तो कुणी हातातही धरला नाही. मामांचं म्हणणं एकच होतं, "अरे, मी सोडली कुठे? मी तर परत आलोय!" प्रॉव्हिडंट फंडाचे पैसे तेवढे मिळाले. बाकी काही मिळत असतं हे त्यांना कुणी सांगितलं नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही. खाडे आपले, तर दोषही आपला, असं ते धरून चालले होते. गिरणीने नोकरी घेतली ती घेतलीच, पण विचारायची हिंमतही घेतली, याचं मला जास्त वाईट वाटतं.

'सोडून गेला' या शब्दांना कायद्यात मोठं वजन होतं, हे मला फार नंतर वाचताना कळलं. आजारी कामगारासाठी तोवर ई.एस.आय. आली होती. प्रा. बी. पी. अडारकरांनी १९४४ साली तिचा आराखडा दिला, तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं होतं डॉ. आंबेडकरांकडे. १९४८ साली कायदा झाला आणि १९५४ साली योजना मुंबईत आली. आजारपणात अर्ध्याच्या आसपास पगार, सुरुवातीला वर्षाला ५६ दिवस, पुढे ९१ दिवसांपर्यंत. त्यातलं ७३ वं कलम तर फारच मोलाचं. कामगार आजारपणाचा लाभ घेत असताना मालकाने त्याला काढायचं नाही की शिक्षा करायची नाही. वाचून वाटतं, सुटला प्रश्न! पण मद्रासच्या बकिंगहॅम अँड कर्नाटिक मिलचा एक कामगार रजेवर गेला, वेळेत परतला नाही आणि नंतर डॉक्टरचा दाखला घेऊन हजर झाला. त्या गिरणीचा नियम होता, सलग आठ दिवस न सांगता गैरहजर तर नोकरी सोडली असं समजायचं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९६३ साली निकाल गिरणीच्या बाजूने लागला. मालकाने काढलं असतं तर ७३ व्या कलमाचा विचार करता आला असता, पण इथे मालकाने काहीच केलं नाही, नियमानेच नोकरी आपोआप संपली! मामांच्या टाइमकीपरने हा निकाल वाचला असेल असं नाही, पण तो बोलत होता हीच भाषा.

इथे थोडं थांबून तीन शब्द नीट बघू या. 'काढला', 'सोडून गेला' आणि 'कमी केला'. माणूस तोच, खाडे तेच, पण मस्टरवर यातलं काय लिहिलं जातं त्यावर पुढचं सगळं अवलंबून. शिक्षा म्हणून 'काढला' तर आधी चौकशी करावी लागते. 'सोडून गेला' म्हटलं की चौकशीही नको आणि भरपाईही नको, म्हणून मालकांना हा शब्द फार प्रिय. 'कमी केला' म्हणजे कामगार कपात. ती केली तर १९५३ च्या दुरुस्तीप्रमाणे महिन्याची नोटीस आणि भरलेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार भरपाई म्हणून देणं आलं.

१९७० च्या दशकात न्यायालयाने कपातीची व्याख्या पुन्हा नीट वाचली. शिक्षेखेरीज 'कोणत्याही कारणाने' मालकाने नोकरी संपवली तर ती कपात, असं त्या व्याख्येत लिहिलेलं होतंच! मग १९७७ साली दिल्ली क्लॉथ मिलच्या प्रकरणात आणि १९८२ साली रॉबर्ट डिसूझा या रेल्वे कामगाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की गैरहजेरीसाठी पटावरून नाव कमी करणं हीसुद्धा कपातच. पुढे १९९३ साली डी. के. यादव खटल्यात न्यायालय आणखी स्पष्ट बोललं. स्थायी आदेशात आठ दिवसांचा नियम असला, तरी माणसाचं म्हणणं ऐकल्याशिवाय त्याची रोजी काढून घेता येणार नाही, कारण उपजीविका हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. त्या कामगाराचं म्हणणं होतं की मी येत होतो, मला गेटवरच अडवत होते. त्याला नोकरी परत मिळाली आणि मागचा अर्धा पगारही. आणि २०१२ साली कृष्णकांत परमार प्रकरणात, तेही सरकारी नोकरीतलं, न्यायालय म्हणालं की गैरहजेरी जाणूनबुजून होती हे सिद्ध झाल्याखेरीज तिला गैरवर्तन म्हणता येणार नाही. 'खाडा झाला' आणि 'खाडा केला' यांतला फरक, जो चाळीतल्या कुठल्याही बाईला ठाऊक होता, तो न्यायालयाच्या कागदावर यायला इतकी वर्षं लागली!

आता ग्रॅच्युइटी. १९७२ च्या कायद्याने पाच वर्षं सलग सेवा केलेल्याला वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार देऊ केला. नोकरी गैरहजेरीमुळे गेली म्हणून ती जप्त होत नव्हती. जप्तीची कारणं मोजकी होती, मालमत्तेचं नुकसान, दंगा-हिंसा आणि नैतिक अधःपतनाचा गुन्हा. शिवाय कामगाराने अर्ज केला नाही तरी रक्कम ठरवून कळवायची जबाबदारी मालकावरच. मामांना हे शेजारच्या एका युनियनवाल्याने दोन वर्षांनी सांगितलं आणि त्यांनी अर्ज केला. निकाल १९८२ साली लागला. चौदा वर्षांपैकी धरली सात. बदलीच्या पाच वर्षांत २४० दिवस भरले नव्हते, ती गेली. कायम झाल्यावरही दोन वर्षं खाड्यांमुळे २४० भरले नाहीत, तीही गेली.

हे मामांच्या नशिबाचं नव्हतं. सोलापूरच्या लक्ष्मी विष्णू मिलच्या कामगारांचं, लालप्पा लिंगप्पा आणि इतरांचं प्रकरण १९८१ साली सर्वोच्च न्यायालयात ठरलं होतं. बदलीवाल्याला ज्या वर्षी २४० दिवस काम मिळालं नाही त्या वर्षाची ग्रॅच्युइटी नाही, आणि कायम कामगारालाही विनापरवानगी गैरहजेरीमुळे ज्या वर्षी २४० भरले नाहीत त्या वर्षाची नाही. बघा हं, खाड्याच्या दिवसाचा पगार तर त्या त्या महिन्यातच कापला होता. आता त्याच खाड्यांपायी जे दोनशे-सव्वादोनशे दिवस माणूस घाम गाळून राबला, तेही हिशेबातून पुसले! १९३६ साली गेलेला डबल खाडा मागच्या दाराने परत आला तो असा.

संसदेला मात्र हे खटकलं. १९८४ साली दुरुस्ती करून सांगितलं गेलं की रजेशिवाय गैरहजर राहिल्याने सेवा आपोआप खंडित होत नाही. खंड धरायचा असेल तर नियमाप्रमाणे तसा आदेश काढायला हवा. कायम कामगार त्यातून सुटला. बदलीवाल्यासाठी २४० चा उंबरठा राहिलाच. एव्हाना गिरण्यांचंच आयुष्य संपत आलं होतं. १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख कामगार एकाच दिवशी मस्टरवर गैरहजर राहिले होते आणि त्यातल्या हजारोंना परत घेतलं गेलं नाही. त्या संपाबद्दल पुन्हा कधीतरी.

राहिला बेकारी भत्ता. आपल्याकडे ई.एस.आय.मध्ये तो फार उशिरा, २००५ साली आला, तोही कारखाना बंद पडला, कपात झाली किंवा अपंगत्व आलं तरच. म्हणून 'कमी केला' हा शब्द इथे पुन्हा महत्त्वाचा. २०१८ साली अटल विमित व्यक्ती कल्याण योजना आली. ९० दिवसांपर्यंत सरासरी कमाईच्या २५ टक्के, जे २०२० साली कोविडच्या काळात ५० टक्के केलं. त्यातही अट अशी की गैरवर्तनाची शिक्षा म्हणून नोकरी गेली असेल तर काही नाही. ही अट मूळची विलायती. ब्रिटनमध्ये १९११ साली बेकारी विमा आला, आठवड्याला सात शिलिंग, वर्षाला जास्तीत जास्त पंधरा आठवडे. त्यात गैरवर्तनाने नोकरी घालवणाऱ्याला भत्ता नाकारला होता, पण किती काळ? सहा आठवडे. म्हणजे जे इंग्रज आपल्या कामगाराला सहा आठवडे थांब म्हणाले, त्यांची अट आपण घेतली आणि मुदत मात्र काढून टाकली! विम्याची वर्गणी तर या माणसाच्याही पगारातून दर महिन्याला कापलेली असते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि यातले बरेच जुने कायदे त्यांत विरघळले. मस्टरच्या जागी अंगठ्याचं यंत्र येऊनही आता बरीच वर्षं झाली. यंत्रालाही ताप आणि कंटाळा यांतला फरक कळत नाही, टाइमकीपरला तरी कुठे कळत होता म्हणा!

ऑफिसातल्या त्या चर्चेला माझं उत्तर आता एवढंच आहे. माणूस आला नाही, त्या दिवसाचा पगार गेला, ठीक. फारच दिवस आला नाही, त्याचं म्हणणं ऐकून नोकरी गेली, तेही एक वेळ ठीक. पण जे दिवस तो आला होता, ते त्याचेच. ग्रॅच्युइटी, फंड, विमा हे सगळे त्या आलेल्या दिवसांचे पैसे आहेत. न आलेल्या दिवसांसाठी ते कापणं म्हणजे एका खाड्याची दोनदा वसुली. तुमच्या ओळखीत कुणाची नोकरी अशी गेली असेल, तर त्याला खाडे का केलेस हे नंतर विचारा. आधी विचारा, कागदावर काय लिहिलंय... काढला, सोडून गेला, की कमी केला?